अंगदच्या धनुष्यातला आवाज

मंगलला तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा ऊन कललं होतं आणि धारूरच्या किल्ल्याखालच्या माळावर तिच्याशिवाय माणूस नव्हतं. मेंढ्या पलीकडच्या उतारावर पांगल्या होत्या. तिनं धनुष्य उचललं, दोरी गालापर्यंत ओढली, श्वास धरला आणि सोडली. बाण गेला. आणि तो जाता जाता तिच्या मागं कुणीतरी जीभ टाळूला लावून 'च्' केलं.

तिनं वळून पाहिलं. बाभळ होती, बाभळीला टांगलेली पाण्याची बाटली होती. बाकी काही नाही. पुढं निशाणाच्या कागदाकडं पाहिलं तर मधल्या पिवळ्यात जायचा तो बाण डावीकडं, पार निळ्या पट्ट्याच्या काठाला लागला होता.

असं 'च्' करणारा माणूस तिला एकच ठाऊक होता, आणि तो जाऊन वर्ष होत आलं होतं.

अंगद तिचा नवरा. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं घर. हाही चौथीपासून कळपामागं फिरलेला, गोफणीनं हव्या त्या फांदीवरचं हवं ते पान पाडणारा. शाळेत बद्रीनाथ सरांनी धनुर्विद्या सुरू केली तेव्हा त्यांनी याचा डोळा हेरला. आधी बांबूचं धनुष्य, मग पुढं कुठल्या तरी मोठ्या खेळाडूनं वापरून सोडलेलं कंपाउंड धनुष्य त्याच्या हाती आलं. दोन्ही टोकांना चाकं असलेलं, ओढताना जीव काढणारं आणि पुरतं ओढलं की एकाएकी हलकं होणारं. अंगदनं खेळ आणि कळप, दोन्हीतलं काहीच सोडलं नाही. मेंढ्या जिथं बसतील तिथं उसाचं पाचट ठासून भरलेलं पोतं उभं करायचं, त्यावर कागद लावायचा आणि बाण मारत बसायचं, असा त्याचा सराव.

लग्नानंतर पोत्यातले बाण उपसून आणायचं काम मंगलकडं आलं. एक दिवस त्यानंच धनुष्य तिच्या हातात दिलं. शिकवताना तो फार बोलायचा नाही. तिच्या मागं उभा राहायचा. मनगट कललं, खांदा वर गेला की मागून नुसतं 'च्'.

"तोंडानं सांगा की," ती चिडायची.

"तुला कळलं न्हवं काय चुकलं ते? मग कशापायी सांगू?" तो हसायचा.

गेल्या हिवाळ्यात कळप माजलगावच्या बाजूला, तुटलेल्या उसाच्या रानात बसवला होता. एक कोकरू कालव्यात घसरलं. कालव्याचे काठ सिमेंटचे, शेवाळलेले. अंगद उतरला. कोकरू त्यानं वर ढकललं, ते वरच्या माणसानं कानाला धरून ओढून घेतलं. अंगदचा हात मात्र कुणाला धरता आला नाही. तो सापडला तेव्हा पाणी त्याला कालव्याच्या लांबच्या दारापर्यंत घेऊन गेलं होतं. पुरुषमाणसांनी मंगलला तोंड बघू दिलं नाही. "नगं पोरी, हाय ती आठवण ऱ्हाऊ दे," असं एक म्हातारा म्हणाला. तिनं पांढरं कापड पाहिलं आणि कापडाबाहेर राहिलेला एक पाय पाहिला. पाय त्याचाच होता. पण मन मोठं खोडसाळ असतं. मनाचा एक कोपरा म्हणत राहिला, तोंड कुठं पाहिलंयस तू?

धनुष्य विकून टाकावं असं दिराचं म्हणणं पडलं. सासू साखराबाई आडवी आली. "ते हितंच ऱ्हाईल," एवढंच म्हणाली. मग ते भिंतीवर खुंटीला लागलं ते तिथंच. उन्हाळा सरताना बद्रीनाथ सर घरी आले, त्यांनी खाली उतरवून दोऱ्यांवरून बोट फिरवलं.

"मंगल, हे असं टांगून ठेवलं तर वाया जाईल. तू ओढत जा. बीडला निवड चाचणी आहे, बायकांच्या कंपाउंडला मोजक्याच पोरी असतात."

"माज्यानं न्हाई होनार, सर."

"न होऊ दे. ओढत तर जा."

त्यांनी धनुष्याचा जोर कमी केला, ओढ तिच्या हाताच्या मापाची केली, आणि ती मेंढ्यांसोबत ते माळावर नेऊ लागली. सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग तो आवाज आला.

दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्या दिवशी तिनं वाट पाहिली आणि आला. दरवेळी बाण सुटला की लगेच, धनुष्याच्या धक्क्यात मिसळलेला. दरवेळी बाण डावीकडं. तिनं मनगट तपासलं, खांदा तपासला, पाय कसे ठेवलेत ते पाहिलं. चूक सापडेना आणि मागचं 'च्' थांबेना. तेव्हा ती वळून न बघता बोलू लागली.

"आता काय चुकलं?"

 फक्त पुढच्या बाणाला पुन्हा तेच.

ती घरी गेली की चुका शोधायची. अंगद गेला त्या दिवशी सकाळी तो कळपाकडं निघताना चहा मागत होता. दूध नासलं होतं, तिनं कोरा दिला, त्यानं अर्धाच पिऊन पेला खाली ठेवला. तो पेला तिनं रागानं लवंडून टाकला होता. त्याचं असेल काय? की त्याच्या सदऱ्याचं गाठोडं करून दिराच्या पोराला दिलं, त्याचं? तिनं कोऱ्या चहाचा पेला माळावर नेऊन बाभळीखाली ठेवला. बाण मारला. 'च्' आलंच. कळपाचं कुत्रं एरवी तिच्या पायात घोटाळायचं. तिनं धनुष्य उचललं की आता ते लांब जाऊन बसायचं आणि तिच्या मागच्या मोकळ्या जागेकडं बघत राहायचं.

 तरी दुपार उतरली की तिची पावलं माळाकडं ओढ घ्यायची. भीती वाटायची आणि तो आवाज आला नाही तर, या विचाराची त्याहून जास्त भीती वाटायची.

एकदा साखराबाई भाकरी घेऊन माळावर आली, तर सून एकटीच बोलतेय.

"कुनासंगं बोलतीस ग?"

मंगल दचकली. मग तिनं खाली बसून सगळं सांगितलं.  सांगून झाल्यावर साखराबाईनं डोईचा पदर सारखा केला, जवळच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "मार."

मंगलनं बाण मारला.

म्हातारीचा चेहरा हलला नाही. फक्त हात मांडीवरून उचलला गेला आणि हवेत तसाच राहिला.

"आजून येक मार."

तिनं मारला.

"त्योच हाय," साखराबाई हळू म्हणाली. "कोकरू मागं ऱ्हायलं की असंच बोलवायचा. एवढासा व्हता तवापसून. जीब अशी लावायची वर."

मंगल तिच्याकडं बघत राहिली. तिला जे रागावणं वाटत होतं, ते सासूला बोलावणं वाटत होतं. आवाज एकच. कुणाचं खरं म्हणावं?  साखराबाई "आजून येक, आजून येक" म्हणत राहिली आणि मंगल दंड भरून येईपर्यंत बाण मारत राहिली.

त्यानंतर दोघी रोज जाऊ लागल्या. साखराबाईच्या अंगात बळ आलं. वर्षभर ती भाकरीचा तुकडा मोडून नुसता बघत बसायची, आता ती पोटभर जेवू लागली. माळावर जायच्या आधी चेहऱ्यावरून पाण्याचा हात फिरवायची, लेकाला भेटायला जावं तशी. मंगलला हे बघून बरं वाटायचं आणि धास्तीही वाटायची. एका दुपारी आभाळ आलं म्हणून ती जायला कंटाळली, तर साखराबाई दारातच म्हणाली, "त्यो वाट बघत असंल न्हवं?"

मंगलनं धनुष्य खांद्याला लावलं.

चाचणी जवळ येत होती. बाण आता जास्तच वेडेवाकडे जात होते. काही बाणांची मागची पिवळी पिसं मुडपली होती. पिसं म्हणजे पक्ष्याची नव्हेत, प्लास्टिकचे तीन पंख, ज्यांच्यामुळं बाण सरळ जातो. मंगलला वाटलं, पोत्यात घुसून मुडपत असतील. ती बोटानं सरळ करायची आणि पुन्हा मारायची.

मग तो दिवस आला. पोत्यामागं मातीचा बांध होता आणि त्यापलीकडं मेंढ्या कधी जात नसत. त्या दिवशी एक गाभण मेंढी कळप सोडून बांधाच्या टोकाला आली होती, आणि ती दोघींनाही दिसली नाही. मंगलनं बाण सोडला. 'च्' झालं. बाण डावीकडं गेला, पोत्याला चाटून गेला, बांधावरच्या दगडाला लागून उसळला आणि मेंढी बसल्या जागी ओरडली.

दोघी धावल्या. बाण मांडीत रुतला होता. साखराबाईनं मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं, मंगलनं बाण काढला, ओढणी फाडून बांधली. मेंढी जगणार होती, दोघींना ते लगेच कळलं. जनावराचं जगणं-मरणं त्यांना डोळ्यात बघून कळायचं. पण साखराबाई उठेना. हात रक्तानं भरलेले, नजर पोत्याकडं.

"त्यो न्हाई," ती म्हणाली.

"काय, आत्याबाई?"

"त्यो न्हाई ह्यो. एका कोकरापायी त्यानं जीव दिला. माजा आंगद मेंडीला बाण लागू देनार न्हाई."

 तो नाही, तर मग इतके दिवस मागं कोण उभं होतं? कुणाला चहा ठेवला? तिनं बाभळीकडं पाहिलं. रोजची बाभळ होती, पण त्या दिवशी तिच्या सावलीतून चालत जायचं तिला धाडस झालं नाही. दोघी मेंढीला उचलून लांबून वळसा घालून घरी आल्या. धनुष्य साखराबाईनं घरात घेऊ दिलं नाही. अंगणात पाटीखाली झाकून वर दगड ठेवला.

आठवडी बाजाराच्या दिवशी साखराबाई एकटीच धारूरला गेली आणि थेट शाळेत जाऊन बद्रीनाथ सरांपुढं उभी राहिली.

"मास्तर, त्या धनुष्यात कायतरी शिरलंय. तुमीच दिलतं, तुमीच बघा."

सर संध्याकाळी आले. मंगलनं मान खाली घालून त्यांना आवाजाचं सांगितलं, कुणाचा वाटतो तेही सांगितलं. सर हसले नाहीत. अंगद त्यांचाही होता. ते म्हणाले, "उद्या सुट्टी आहे. उजेडात बघू. मावशी, तुम्हीही या."

सकाळी तिघं माळावर गेले. सरांनी लाकडाची रिकामी चौकट आणली होती, तिच्यावर वर्तमानपत्राचा कागद ताणून चिकटवला आणि पोत्याच्या अलीकडं उभी केली. मंगलला जवळून कागदातून बाण मारायला लावला. 'च्' झालं. सरांचा चेहरा एकदम सावध झाला. ते कागदाजवळ गेले. गोल भोक पडायच्या ऐवजी कागद डावीकडं लांबवर टरकावला होता.

"सरळ बाणाचं भोक सरळ पडतं," ते म्हणाले. "हा बाण शेपूट झटकत गेलाय."

"माजा हात हलतोय का, सर?"

"ते बघायचंय."

बाण सुटेपर्यंत त्याला खालून आधार देणारा छोटा दांडा धनुष्याला असतो, त्याला रेस्ट म्हणतात. सरांनी तो केसभर उजवीकडं सरकवला. फाटणं बदललं नाही. डावीकडं सरकवला. तसंच. मग त्यांनी बाणाच्या शेपटीची खाच थोडी फिरवली, म्हणजे पिसं वेगळ्या बाजूला येतील. थोडा फरक पडला, पण फाटणं राहिलंच आणि आवाजही राहिला. सर खाली बसले. एक बाण घेऊन त्याची तिन्ही पिसं त्यांनी चाकूनं सोलून काढली. मंगलला ते बघवेना. ती पिसं अंगदनं चिकटवलेली होती.

"आता हा बोडका बाण मार."

तिनं ओढला, सोडला. धनुष्याचा धक्का झाला, पोत्यात धप्प झालं.

मधे काहीच झालं नाही.

साखराबाई दगडावरून उठून उभी राहिली. कागदात बोटाएवढं गोल भोक होतं.

"तुझ्या हातात दोष नाही," सर म्हणाले. "हात चुकला असता तर बोडका बाणही वाकडा गेला असता. पिसं असली की वाकडा, नसली की सरळ. म्हणजे जाता जाता पीस कुठंतरी लागतंय. कुठं ते शोधू."

त्यांनी खिशातून पावडरची डबी काढून रेस्टवर शिंपडली, पण धनुष्याच्या हादऱ्यानं ती सगळी झडून गेली. काही उमटलं नाही. "चिकटेल असं काही पाहिजे," ते म्हणाले. "पोरी लिपस्टिक लावून बघतात."  दोन विधवा बायकांपुढं आपण काय बोललो, असं त्यांच्या तोंडावर दिसलं.

साखराबाईनं कनवटीची डबी काढली. दात घासायची काळी मिश्री. तळहातावर घेतली, थुंकीनं ओली केली आणि हात पुढं केला. सरांनी ती बोटानं रेस्टच्या दांड्याला लावली. पिसं असलेला बाण मंगलला दिला.

तिनं मारला. 'च्' झालं. तिघं पोत्यापाशी गेले. सरांनी बाण उपसून पिसं उजेडात धरली. दोन पिवळीधमक होती. खालच्या पिसाच्या कडेवर काळा ओरखडा होता.

"हा बघ तुझा आवाज," सर म्हणाले. ते फार हळू म्हणाले. "बाण सुटला की रेस्टनं खाली पडून वाट मोकळी करायची असते. हा उशिरा पडतोय, पीस त्याच्यावर आपटतंय. ही बारीक दोरी त्याला खाली ओढते. धनुष्य मी तुझ्या मापाचं केलं, ही दोरी मात्र अंगदनं बांधली तशीच राहिली, आणि मग ढिली पडत गेली. मी तेव्हाच बघायला पाहिजे होतं."

मंगल त्या दोरीकडं बघत होती. पांढरी, मळलेली, शेवटाला अंगदच्या हातची गाठ.

"ऱ्हाऊ द्या तशीच," ती म्हणाली.

"मंगल, आज मेंढी होती. उद्या माणूस असेल."

ती साखराबाईकडं वळली. तिला वाटलं, सासू तरी नको म्हणेल. साखराबाईनं मिश्रीचा हात लुगड्याला पुसला. "सोडा मास्तर ती गाठ," ती म्हणाली.

सरांनी गाठ सोडली. दोरी ताणून, पुन्हा पुन्हा ओढून बघत नवी गाठ मारली, वरून पेटत्या काडीनं टोक जाळलं. मिश्री पुन्हा लावली. मंगलनं बाण मारला. पिसं स्वच्छ निघाली. कागदात गोल भोक. बाण पिवळ्यात. आणि मागं काही नाही. ना बाभळीखाली, ना कुठं. तिनं आणखी एक मारला, मग आणखी एक, आणि मग धनुष्य गवतावर ठेवून ती रडली. तेराव्याला रडली नव्हती तशी. सरांनी तोंड फिरवलं. साखराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मंगलनं नंतर बरेच दिवस धनुष्याला हात लावला नाही. दोरी कशी ढिली करायची ते आता तिला कळलं होतं. एकदा दुपारी तिनं त्या गाठीपर्यंत हात नेलाही होता. मग बाहेर ती लंगडणारी मेंढी ओरडली, ती व्यायला आली होती. मंगल तशीच बाहेर गेली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यापाशीच बसली. दुसऱ्या दिवशी ती माळावर गेली, दुरुस्त केलेलं धनुष्य तसंच घेऊन.

बीडच्या चाचणीत तिची निवड झाली नाही. थोडक्यात हुकली. सर म्हणाले, पुढच्या वर्षी. ती हो म्हणाली आणि ते तिनं मनापासून म्हटलं. अंगद गेला, हे तिला आता तोंड न बघताही कळलं होतं. रात्री झोप लागू लागली.

साखराबाई मात्र अजून रोज तिच्यासोबत माळावर येते. मंगलनं सुरुवातीला सांगून पाहिलं, "आत्याबाई, उनाचं कशाला येता? आता आवाज न्हाई यायचा. दोरी घट केलीया."

"ती तुज्या धनुष्याची," साखराबाई म्हणाली. "मला येतो की. चुलीपाशी येतो. वाघरीच्या जाळीत कोकरं मोजताना येतो."

मंगलनं त्यावर वाद घातला नाही. त्या दिवसापासून तिनं सासूला बसायला दगडावर पोतं टाकून द्यायला सुरुवात केली. ती बाण मारते. बाण सरळ जातो, मागं चिटपाखरू नसतं. दगडावर बसलेली म्हातारी मान कलती करून ऐकत राहते, आणि मधूनच डोकं हलवते, कुणी काही विचारल्यासारखं.